जुनं दप्तर आवरताय? आधी या चुका टाळा

गणपती आटोपले, पाऊस ओसरायला लागला की पुण्यातल्या कुठल्या ना कुठल्या संस्थेतून निरोप येतो, "कपाट उघडलंय, कुबट वास येतोय, जरा येऊन बघा." कधी वाचनालय असतं, कधी शाळा, कधी पेठेतलं गणेश मंडळ. कधी वाडा पाडायला निघालेला असतो आणि माळ्यावरची ट्रंक खाली उतरवलेली असते. जुन्या कागदपत्रांनी भरलेल्या अशा बऱ्याच कपाटांसमोर आणि ट्रंकांसमोर मी बसलो आहे. वाळवीने आणि पाण्याने केलेलं नुकसान पाहिलं, तसंच माणसांनी अगदी प्रेमाने, मन लावून केलेलं नुकसानही पाहिलं. ते जास्त लागतं, कारण ते टाळता आलं असतं.

म्हणून कुठलंही काम करण्याआधी एकच विचारा: हे केल्यावर उद्या परत पहिल्यासारखं करता येईल का? उत्तर 'नाही' असेल तर हात आवरा.

पहिली चूक: आल्याआल्या 'नीट लावून' टाकणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

एका जुन्या वाचनालयाचा पत्रव्यवहार माझ्याकडे आला होता. सुतळीने बांधलेले अकरा गठ्ठे. प्रत्येकात तारखा पुढेमागे, विषय सरमिसळ. मी सगळे गठ्ठे सोडले आणि पत्रं तारखेप्रमाणे लावली. तीन आठवडे खपलो, काम देखणं दिसत होतं. पुढे एक वयस्कर सभासद आले. म्हणाले, "आमच्याकडे प्रत्येक चिटणीस आपल्या कारकिर्दीचा गठ्ठा बांधून पुढच्याच्या हाती द्यायचा." म्हणजे गठ्ठा ही त्या माणसाच्या कामाची नोंद होती. त्याने कोणतं जुनं पत्र संदर्भाला काढलं, कोणत्या नव्या पत्राला जोडून ठेवलं, कोणत्या वादाची कागदपत्रं एकत्र केली, हे सगळं त्या सरमिसळीत होतं. मी सुतळी सोडली तेव्हाच ते गेलं. गठ्ठ्यांचा फोटोही काढला नव्हता.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद आहेत, रुमालात म्हणजे चौकोनी कापडात बांधलेले. तिथल्या दप्तरांची नावं पाहा: रोजकीर्द (रोजचा जमाखर्च), घडणी (खातेवार हिशेब), प्रांत अजमास (प्रांतांचे अंदाजपत्रक), चिटणिशी (पत्रव्यवहार), पागा (घोडदळ). ही विषयवारी कुणा अभ्यासकाने नंतर बसवलेली नाही. कोणता कागद कोणत्या कारभारातून जन्माला आला, ते ही नावं सांगतात. सुटा कागद एक बातमी देतो. शेजारच्या कागदांसकट तो सापडला तर व्यवहार कळतो.

तेव्हा गठ्ठा सोडण्याआधी त्याचा जसा आहे तसा फोटो काढा, वरून आणि बाजूने. गठ्ठ्याला क्रमांक द्या. आतल्या कागदांना वरून खाली त्याच क्रमाने, मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात बारीक आकडे घाला: ७/१, ७/२, ७/३. बॉलपेन नको, शिक्का नको. तारखेप्रमाणे शोधायचंय? मग यादी तारखेप्रमाणे लावा. कागद जागेवर राहू दे.

आधीच कुणी क्रम मोडला असेल तर काही खुणा उरतात. टाचणीच्या गंजाचे डाग दोन कागदांवर जुळतात. घडीच्या रेषा, कसरीने पाडलेली भोकं, पाण्याच्या डागाची कड एकावर एक बसते. त्यावरून बरेच कागद पुन्हा एकत्र आणता येतात. या खुणा ध्यानात आल्यापासून मी कुठलाही डाग घाईने पुसत नाही.

दुसरी चूक: जुना कागद नाजूक, नवा टिकाऊ, असं समजणं

बहुतेक वेळा उलट असतं. पेशवाईतला हातकागद चिंध्या आणि तागापासून केलेला, लांब तंतूंचा. काजळीची शाई त्याला खात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा, तुरटी आणि राळ घातलेला कागद आला. तो स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. १९६० च्या आसपास सुरू झालेल्या एखाद्या गृहरचना संस्थेचं पहिलं प्रोसिडिंग बुक दोनशे वर्षांच्या मोडी पत्रापेक्षा आजारी असू शकतं. मोडीला जपायचं आणि इतिवृत्तं जिन्याखाली कोंबायची, असं करू नका.

दोन अपवाद मात्र आहेत. काजळीची शाई उन्हाने विटत नाही, पण पाणी लागलं की पसरते. आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घातलेली तपकिरी शाई कागद जाळते, अक्षरांच्या जागी अक्षरश: भोकं पडतात. असे कागद दुमडू नका, पुन्हा पुन्हा हाताळू नका. आणखी एक, जुन्नरी हातकागद असो की मिलचा, मोडी वाचता येत नाही म्हणून कुणी रद्दीत घालू नये. पुण्यात मोडी वाचणारे आहेत, शिकवणारेही आहेत.

तिसरी चूक: चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि मोरचूद घातलेली खळ

फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावणं हा सगळ्यात महाग पडणारा स्वस्त उपाय. काही वर्षांत पट्टी गळून पडते, पण गोंद कागदात मुरलेला राहतो. तिथे तपकिरी पट्टा उमटतो आणि कागद कडक होतो. जुनी पट्टी ओढून काढू नका, अक्षरं तिच्याबरोबर निघतील. ते काम जाणकाराचं आहे.

लॅमिनेशनचं दुःख तर विचारू नका. संस्थेचं नोंदणीपत्र, एखाद्या थोर माणसाचं पत्र, पहिल्या अध्यक्षांच्या सत्कारपत्राचा मसुदा, जे सगळ्यात मोलाचं तेच लोक कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये तापवून आणतात. आतलं आम्ल आतच राहतं आणि तो थर पुन्हा सुखरूप निघत नाही. दाखवायला हवी असेल तर रंगीत प्रत काढून ती लॅमिनेट करा. मूळ पत्र आम्लमुक्त कागदाच्या घडीत ठेवा. हातकागद घेणार असाल तर तो आम्लमुक्त आहे का हे विचारून घ्या. हाताने केलेला प्रत्येक कागद तसा नसतो.

बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. हेतू चांगला, पण मोरचूद आम्लधर्मी आहे, कागदाच्या मुळावर येतो. बांधणीला देण्याआधी तसं स्पष्ट सांगा. कडा 'सरळ' कापू नका हेही सांगा, कारण समासातल्या नोंदी त्यातच जातात. दुरुस्तीसाठी गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू वापरतात. ती पाण्याने पुन्हा सुटते, हा तिचा मोठा गुण.

टाचण्या, स्टेपल आणि रबर काढून टाका. रबर वितळून चिकटलं असेल तर ओढू नका.

चौथी चूक: जागा उरली तिथे दप्तर

पुण्यातल्या माणसाला पाण्याबद्दल सांगावं लागू नये. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांतल्या घराघरांतलं, संस्थांमधलं किडुकमिडुक गेलं. त्यात किती कागद होते याची मोजदादच नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घरांत शिरला. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी भरलं. तरीही इमारत नवी झाली की जुन्या फायली पार्किंगमधल्या खोलीत किंवा तळघरातच जातात. गच्चीखालचा माळाही नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते आणि पावसाळ्यात गळतं. मधल्या मजल्यावरची, बाहेरच्या भिंतीला न टेकलेली जागा निवडा. संडास-बाथरूमच्या किंवा पाण्याच्या पाइपच्या खाली नको. कपाट भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर दूर ठेवा, हवा फिरली पाहिजे.

प्लास्टिकच्या पिशवीत कागद घट्ट बांधून ठेवू नका, आतला दमट श्वास आतच राहतो. आपला जुना रुमाल शहाणा होता. कापड धूळ अडवतं आणि हवा जाऊ देतं. मांजरपाट आणा, पण दोनतीनदा धुऊन त्यातली खळ पूर्ण घालवा, नाहीतर कसरीला आमंत्रण. लाल कापड आणि लाल फीत शोभते खरी, पण ओली झाली की रंग कागदावर उतरतो. पांढरं किंवा कोरं कापड घ्या.

कागद भिजलेच तर? पहिले दोन दिवस महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. उन्हात टाकू नका, इस्त्री फिरवू नका, हेअर ड्रायर नको. सुटे कागद सावलीत, कोऱ्या कागदावर पसरून पंख्याच्या वाऱ्यात वाळवा, पंखा थेट कागदांवर न रोखता. चिकटलेले गठ्ठे ओले असताना सोडवत बसू नका. फार माल असेल आणि हात कमी असतील तर कागद छोट्या गठ्ठ्यांत पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेला कागद कुजत नाही. मग थोडा थोडा काढून वाळवता येतो. बुरशी दिसली तर ते गठ्ठे आधी वेगळ्या खोलीत हलवा, मास्क लावा, आणि ओल्या बुरशीवर ब्रश फिरवू नका. पूर्ण वाळल्यावर मोकळ्या हवेत मऊ ब्रशने झाडा.

पाचवी चूक: डांबरगोळ्या टाकल्या, आता काळजी नाही

डांबरगोळ्यांनी वाळवी थांबत नाही, कोंडलेल्या खोलीत बसणाऱ्या माणसाला मात्र बाधतात. कडुनिंबाचा ओला पाला तर कधीच ठेवू नका, कागदाशेजारी ओल येते. औषध फवारायचं तर भिंती आणि फरशीच्या कडांना, कागदावर कधीच नाही. खरा उपाय कंटाळवाणा आहे: पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी प्रत्येक खण उघडायचा, मागे टॉर्च मारायचा, भिंतीवर मातीची रेघ दिसते का ते पाहायचं. खोलीत चहा-बिस्किटं नकोत. बाहेरून आलेला नवा गठ्ठा तपासल्याशिवाय जुन्यांत मिसळायचा नाही.

सहावी चूक: स्कॅन झालं म्हणजे काम झालं

'डिजिटल केलं' म्हणून मूळ कागद रद्दीत गेल्याची उदाहरणं माझ्या पाहण्यात आहेत. नंतर लक्षात येतं की समास कापला गेला होता, मागची बाजू घेतलीच नव्हती, पान चुकलं होतं. स्कॅन ही प्रत आहे. कमीत कमी ३०० डीपीआय, पाठपोट दोन्ही बाजू, कोरं पानसुद्धा. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, वाटायला पीडीएफ. फाइलला 'स्कॅन००१' असं नाव ठेवू नका, गठ्ठा आणि कागदाचा तोच क्रमांक द्या. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. आणि त्या वर्षातून एकदा उघडून पाहा. कपाटात पडलेली हार्ड डिस्क एक दिवस चालूच होत नाही.

पण पुण्यातल्या संस्थांचं याहून मोठं दुखणं वेगळं आहे, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. १९९० पासून पुढची पंधरा-वीस वर्षं मराठी मजकूर श्री-लिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टमध्ये टाइप झाला. स्मरणिका, अहवाल, घटनादुरुस्त्या, दिवाळी अंक, सगळं. संगणकावर मराठी आणण्याचं बरंच पायाभूत काम ज्या शहरात झालं, त्याच शहरात आज त्या फाइली उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिखल दिसतो. फाइल शाबूत असते, पण तो फॉन्ट त्या संगणकावर नसतो, म्हणून मराठी दिसत नाही. पानं जुळवायला वापरल्या जाणाऱ्या पेजमेकरच्या फाइलींना तर उघडणारा प्रोग्रामच सापडत नाही.

अशी फाइल हाती आली तर पुसू नका. आधी तिची प्रत करा. फॉन्टचं नाव नोंदवा, वर्डमध्ये मजकूर निवडला की ते दिसतं. मग त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक वापरा, म्हणजे मजकूर कुठल्याही संगणकावर दिसेल अशा मराठीत बदलणारा प्रोग्राम. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकतात, तेव्हा कुणीतरी बसून वाचायलाच हवं. नावं आणि आकडे दोनदा तपासा. रूपांतर झाल्यावरही जुनी फाइल ठेवा. ज्या छापखान्यात किंवा डीटीपी सेंटरमध्ये काम झालं होतं तिथे फॉन्टसकट जुना संगणक अजून चालू असेल, तर तिथूनच पीडीएफ काढून घेणं सगळ्यात सोपं. आणि छापील प्रत सापडली तर ती आधी स्कॅन करा. कागदावरचं मराठी अजून वाचता येतं.

सातवी चूक: काय ठेवायचं हे न ठरवणं

सगळंच ठेवायचं म्हटलं की काहीच नीट राहत नाही. सरकारी कार्यालयांत अभिलेखांचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं. अ कायमचे, ब तीस वर्षांचे, ड वर्षभराचे. संस्थेनेही असा तक्ता सभेत मंजूर करून घ्यावा. इतिवृत्तं, सभासद नोंदवह्या, मिळकतीचे कागद, घटना आणि वार्षिक अहवाल कायम. किरकोळ बिलं हिशेबतपासणीची आणि कायद्याची मुदत संपल्यावर काढता येतील. जे काढाल त्याची यादी मात्र ठेवा, तारखेसह, सहीसह. आणि एकट्याने ठरवू नका. एका मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या 'निरुपयोगी' म्हणून निघाल्या होत्या. पेठेतल्या कोणत्या घरात तेव्हा कोण राहत होतं, हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

वाड्यातल्या कुटुंबांनाही हेच सांगेन. घर पाडण्याच्या घाईत ट्रंक तशीच रद्दीवाल्याला जाते, आणि मग बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात कुणाच्या तरी आजोबांचा फोटो जमिनीवर पसरलेला दिसतो, पाठीमागे नाव नाही, गाव नाही. देऊन टाकायचं असेल तर संग्रह करणाऱ्या संस्थेशी बोला. १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ अशीच घराघरांतली दप्तरं सांभाळत आलं आहे. देताना यादी करा, अटी लेखी ठरवा, पोचपावती घ्या.

फोटोंचं काम शेवटी ठेवू नका. चिकट पानांच्या अल्बममधून ते निघत असतील तर काढा. निघत नसतील तर अल्बमसकटच कॅमेऱ्याने टिपून ठेवा. फोटो हाताळताना हातमोजे घाला. कागदाला मात्र स्वच्छ कोरडे हातच बरे, मोज्यात कड कळत नाही आणि पान फाटतं. मग फोटोंच्या प्रती घेऊन संस्थेतल्या सर्वांत जुन्या सभासदाकडे जा, त्यांच्या सवडीने बसा, रेकॉर्डिंग चालू ठेवा. उभे, डावीकडून दुसरे कोण? खुर्चीवर कोण? कार्यक्रम कुठला, पाऊस होता का, मांडव कुणी दिला होता? नावं प्रतीच्या मागे लिहा आणि मूळ फोटोच्या पाकिटावर पेन्सिलीने, फोटो आत घालण्याआधी. गेल्या चैत्रात मी एका आजींकडे चोवीस फोटो घेऊन गेलो होतो. एकोणीस ओळखले. उरलेल्या पाचांसाठी त्यांनी आपल्या मैत्रिणीचा नंबर दिला आणि म्हणाल्या, "तिच्याकडे याच आठवड्यात जा."