ओंटारिओत आरपीएन म्हणून काम करताना: हात कुठे थांबवायचा

जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी घेऊन आलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच जणी ओंटारिओत आधी आरपीएन, म्हणजे रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स होतात. मीही झाले. कॅनडात इतरत्र याच कामाला एलपीएन, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स म्हणतात. ब्रिटिश कोलंबियातली आरपीएन मात्र मानसोपचाराची नर्स असते, तेव्हा जाहिरात वाचताना आधी प्रांत बघा.

नोंदणीच्या परीक्षेचा (२०२२पासून इथे रेक्स-पीएन) अभ्यास सगळ्याच जीव तोडून करतात. अडचण येते ती वॉर्डात. नव्या मुलींना यादी हवी असते: इंजेक्शन चालेल का, कॅथेटर, जखमेचं ड्रेसिंग? चालतं, पण कोणत्या पेशंटला? कॉलेज ऑफ नर्सेस ऑफ ओंटारिओ ही आपली नियामक संस्था. ती पेशंट, नर्स आणि कामाची जागा या तिन्हींचा एकत्र विचार करायला सांगते. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी सकाळी स्थिर आहेत, दुखणं गोळ्यांनी आटोक्यात आहे, तर त्यांचं सगळं मी बघते. दुपारी त्यांना धाप लागली, त्या असंबद्ध बोलू लागल्या, की त्याच क्षणी आरएनला, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त शिकलेल्या रजिस्टर्ड नर्सला बोलवायचं. मग दोघींनी मिळून बघायचं किंवा पेशंट तिच्याकडे सोपवायचा. यात कमीपणा अजिबात नाही. वेळेवर बोलावणं हेच आपलं कौशल्य.

आपल्याकडे इन्चार्ज सिस्टरने सांगितलं की करायचं, ही सवय अंगात मुरलेली असते. इथे ऑर्डर असली, कायद्याची परवानगी असली, तरी ते काम स्वतःला नीट येत नसेल तर हात लावायचा नाही आणि तसं स्पष्ट सांगायचं. हॉस्पिटल आपल्या धोरणाने तुमचं काम कमी करू शकतं. कायद्यापलीकडे वाढवू शकत नाही. मॅनेजरने सांगितलं म्हणून केलं, हे उत्तर चौकशीत पुरत नाही.

आणखी एक. कॉलेज, म्हणजे ही नियामक संस्था, लोकांच्या रक्षणासाठी आहे. आपली बाजू मांडायला युनियन आणि ‘वीआरपीएन’ ही आरपीएनची संघटना वेगळी. तुमची नोंदणी चालू आहे का, तिच्यावर काही निर्बंध आहेत का, हे ‘फाइंड अ नर्स’ या कॉलेजच्या ऑनलाइन नोंदवहीत कुणालाही दिसतं.

नव्या जागी पहिल्या शिफ्टलाच विचारून घ्या: आज आरएन कोण, कुठे असते, किती वेळात पोहोचेल? लाँग-टर्म केअरमध्ये (जिथे बहुतेक वृद्ध कायम राहतात आणि त्यांची काळजी घेतली जाते) रात्री अख्ख्या इमारतीला एकच आरएन असू शकते. तिचा नंबर राउंड सुरू करण्याआधी लिहून घ्या.