गाडीचा फॅन लागत नाही? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

गणपतीला गावी निघालेली गाडी पनवेलपर्यंत एकदम ठीक चालते आणि माणगावच्या रांगेत अडकली की तापमानाचा काटा वर चढायला लागतो. रांग सुटली, वेग आला की काटा परत जागेवर. असं होत असेल तर आधी रेडिएटरचा फॅन बघा. पळत्या गाडीला समोरचा वारा मिळतो. गाडी थांबली किंवा कुंभार्ली घाटाच्या चढावर पहिल्या गियरमध्ये रखडली की ते काम एकट्या फॅनवर येतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फॅन फिरत नाही म्हटल्यावर थेट नवीन मोटर मागवणं. मोटर जळते, नाही असं नाही. पण आपल्या किनारपट्टीवर खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा पहिला मार बसतो तो कपलरवर, म्हणजे वायरी मोटरला जोडणाऱ्या प्लगवर, आणि अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह वायरवर. त्यात कोणी हौसेने गाडी पुळणीवर लाटांत घातलेली असते, कोणी जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात बुडालेली गाडी स्वस्तात घेतलेली असते. अशा गाडीत मोटर नवी घातली तरी जुना गंजका कपलर तसाच राहतो आणि चार दिवसांनी तक्रार पुन्हा दारात.

सुरुवात फुकटच्या तपासणीने करा. इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅनही लागतो. एसीवर फॅन फिरतो, पण इंजिन तापूनही फिरत नाही, तर मोटर आणि तिची मुख्य वायरिंग चांगली आहे. मग कूलंटची (रेडिएटरमधल्या पाण्याची) पातळी आणि तापमानाचा सेन्सर तपासा. कूलंट कमी असेल तर सेन्सर हवेत राहतो आणि त्याला खरं तापमान कळतच नाही. दोन्ही वेळा फॅन गप्प असेल तर फ्यूज, रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा छोटा डबा), वायरिंग, अर्थ आणि मग मोटर, या क्रमाने जा. रिले तपासायला त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघता येतो. नंबर जुळत नसेल तर मात्र लावू नका.

आता मल्टिमीटरची चूक. ही शिकलेले लोकही करतात. फॅनचा कपलर काढतात, पिनांवर मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि निकाल देतात की करंट येतोय, म्हणजे मोटर खराब. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे वायरची एकच तार शाबूत असली तरी १२ व्होल्ट दिसतात. फॅनला मात्र दहा-पंधरा अँपिअर लागतात. तेवढा भार पडला की गंजलेल्या जोडावरच व्होल्ट खर्च होतात आणि मोटरपर्यंत उरतं ते तिला फिरवायला पुरत नाही.

म्हणून तपासणी भार टाकूनच करा. जुना हेडलाइटचा बल्ब घ्या, ६० वॅटचा. मोटरच्या जागी तो कपलरला जोडा आणि इंजिन चालू करून एसी लावा. हा बल्ब पाच अँपिअर ओढतो. तो लख्ख पेटला तर वायरिंगवरचा संशय बराच कमी होतो. मिणमिणला तर दोष जोडात आहे. फॅन हळू का होईना फिरत असेल, तर तो फिरत असतानाच मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं मोटरच्या अर्थच्या पिनवर मागच्या बाजूने टेकवा. जवळपास शून्य यायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थचा नट सोडून बॉडीचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा आणि पुन्हा आवळा. पॉझिटिव्हच्या बाजूलाही, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह आणि मोटरची पॉझिटिव्ह पिन यांच्यामध्ये, हेच माप घ्या.

कपलर उघडून उजेडात नीट बघा. पिनांवर हिरवट भुकटी दिसेल. एखाद्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन सुजलेलं असेल, तर तो जोड कित्येक महिने तापत होता. तो घासूनपुसून परत लावू नका, कपलरच बदला. वायर सोलल्यावर आतलं तांबं काळं निघालं तर लाल तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा, कारण खारं पाणी आवरणाच्या आतून वर चढतं. जोडावर नुसती काळी टेप गुंडाळणं ही आपल्याकडची जुनी सवय. पावसात त्या टेपखाली ओल धरून राहते. आतून गोंद सुटणारी हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी) वापरा.

फ्यूज उडाला म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणं, हे करूच नका. फ्यूज परत परत उडतोय म्हणजे मोटर जाम होतेय किंवा वायर कुठेतरी घासून बॉडीला लागतेय. फ्यूज वाचवाल तर वायरिंग पेटेल. स्विच टाकून फॅन डायरेक्ट करून घेणंही तसंच. घाटात एकदा स्विच लावायचा राहिला की हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या जोडातल्या पॅकिंगचा) खर्च अंगावर येतो.

दोन स्पीडच्या फॅनमध्ये रेझिस्टर (करंट कमी करून फॅन हळू फिरवणारा भाग) जळला तर हळू स्पीड बंद पडतो आणि फॅन थेट मोठ्या स्पीडवर, उशिरा लागतो. लोक म्हणतात, ‘लागतो ना, मग झालं.’ तोपर्यंत इंजिन गरजेपेक्षा जास्त तापलेलं असतं.

हात घालण्याआधी एक लक्षात ठेवा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक लागतो. मीटर लावायचा नसेल तेव्हा बॅटरीचं निगेटिव्ह काढा. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण निवल्याशिवाय उघडू नका. मोटर बॅटरीवरून थेट चालवून बघताना मध्ये फ्यूज ठेवा आणि वायरी उलट जोडू नका, पाती उलटी फिरली तर वारा उलट दिशेला जातो.

काम झाल्यावर एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवा. फॅन आपोआप लागून बंद होण्याचे दोन फेरे होऊ द्या. मग इंजिन बंद करून, बॅटरीचं निगेटिव्ह काढून लगेच कपलरला हात लावा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला तर जोड अजून कच्चा आहे, तो पुन्हा करा.