खेळणं थांबल्यावर कॉलेजचा कोच व्हायचंय? मग हे वाचा

मी फुटबॉलमध्ये मिडफिल्डला खेळायचो. गुडघ्याचं लिगामेंट दुसऱ्यांदा फाटलं तेव्हा थांबलो. आता सहा वर्षं ऐरोलीत एका कॉलेजच्या टीमला शिकवतोय. ठाण्याची, वाशीची बरीच खेळलेली पोरं "दादा, मलाही कोचिंगला यायचंय" म्हणत भेटतात. त्यांना सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी कागदपत्रं. कॉलेजचा क्रीडा संचालक वेगळा आणि टीमचा कोच वेगळा. संचालक व्हायला शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी आणि वर नेट-सेट किंवा पीएचडी लागते. कोचला बहुतेक ठिकाणी मानधनावर, हंगामापुरतं घेतात. त्यामुळे हातातली नोकरी लगेच सोडू नका. मानधनाचा आकडा लेखी घ्या. मी पहिल्या ठिकाणी तोंडी बोलण्यावर राहिलो आणि अर्धे पैसे आलेच नाहीत. सोबत एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) कोचिंग लायसन्सला लागा: आधी ई, मग डी, मग सी. तुम्ही किती गोल मारलेत यापेक्षा सेशन कसं आखता आणि समजावता कसं, याला तिथे महत्त्व असतं.

खरी अडचण इथेच येते. आपल्या पायांना जे येतं ते आपल्याला सांगता येत नाही. कळव्याहून येणारा एक मुलगा होता, पाय सुरेख, पण पास घेतला की मागून येणारा प्रतिस्पर्धी त्याचा बॉल काढून न्यायचा. दोन आठवडे मी ओरडत होतो, "मागे बघ!" काही फरक नाही, कारण मी ओरडेपर्यंत बॉल त्याच्या पायात असायचा. मग एका रात्री माझ्याच जुन्या मॅचचा व्हिडिओ लावला. मी मागे बघत होतो ते बॉल माझ्याकडे येत असताना, पायात आल्यावर नव्हे. मला स्वतःलाच हे माहीत नव्हतं! दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे दहा पावलांवर लाल आणि पिवळं बिब (सरावात जर्सीवर घालतात ते रंगीत बनियन) घेऊन उभा राहिलो. पास सुटला की मी एक वर करायचो. बॉल पोचायच्या आत त्याने रंग सांगायचा. लाल असेल तर एका टचमध्ये परत, पिवळं असेल तर वळायचं. चौथ्या दिवशी बिब न धरताही त्याची मान वळायला लागली.

तेव्हा तुमच्या खेळातली एकच सवय निवडा, तिचे तुकडे करा आणि मगच मैदानात उतरा. १९६२च्या जकार्ता एशियाडमध्ये भारताला फुटबॉलचं सुवर्ण मिळवून देणारे कोच सय्यद अब्दुल रहीम मुळात शाळेतले शिक्षक होते, हे मी स्वतःला सतत सांगत असतो.

वॉर्मअपला फिफा ११+ (दुखापती टाळण्यासाठीचा फिफाचा ठरलेला व्यायाम) करून घ्या. वीस मिनिटं लागतात. पोरं कंटाळतात, तरी सोडू नका, विशेषतः पावसाळ्यात. आपली मातीची मैदानं तेव्हा निसरडी होतात आणि गुडघे तिथेच जातात.

टीम निवडलीत की ज्याला वगळलंय त्याला आदल्या संध्याकाळी स्वतः फोन करा. व्हॉट्सॲपच्या यादीत स्वतःचं नाव शोधायची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका. कारण सांगा, आणि सोमवारी सकाळी साडेसहाला त्याच्यासाठी पंधरा मिनिटं वेगळी ठेवा.