लहान मुलांना उत्क्रांती सांगायचीय? आधी कागद फाडायला घ्या

आपण पहिल्याच वाक्यात घोळ घालतो. "जिराफाला उंचावरचा पाला हवा होता म्हणून त्याची मान लांब झाली" असं म्हटलं की झालं, पोराच्या डोक्यात पक्कं बसतं की मनात आलं की अंग बदलतं. मग ते विचारतं मला पंख का नाही फुटत, आणि त्याचं काही चुकत नाहीये, आपणच तसं सांगितलंय. तर "हवं होतं म्हणून" हे आधी तोंडातून काढून टाका.

त्यापेक्षा खेळ खेळा. जमिनीवर जुना पेपर पसरा, दुसऱ्या पेपरचे नखाएवढे 20 तुकडे आणि लाल कागदाचे तसेच 20, सगळे त्यावर विखरून टाका. तुकडे म्हणजे किडे आणि पोरगं पक्षी. एका वेळी एकच किडा, पण पटापट उचलायचा, 20 खाऊन झाले की स्टॉप. आता जे उरले त्या प्रत्येकाला त्याच्याच रंगाचं एक पिल्लू द्या, म्हणजे परत 40 झाले, आणि पुन्हा सुरू. दोन-तीन राउंडमधे लाल जवळजवळ संपतात.

इथे थांबा आणि विचारा, एकातरी किड्याने रंग बदलला का? उत्तर त्यालाच देऊ द्या, घाई करू नका, सगळी गंमत इथेच आहे. किडा कुणीच बदलला नाही, पण घोळका बदलला. हीच नैसर्गिक निवड, शब्द नंतर सांगितला तरी चालेल.

मग पेपरच्या जागी लाल कापड अंथरा, आता पेपरवाल्यांची पंचाईत. लाल एकही उरला नसेल तर मात्र गुपचूप आणून टाकू नका हं, संपला म्हणजे संपला. एखाद्या पिल्लात आपोआप वेगळा रंग आला तरच पुढे काही होणार, आणि तो गरज आहे म्हणून येत नाही.

नंतर खरी गोष्ट सांगा. इंग्लंडमधे मिरपूड भुरभुरल्यासारखे पांढरे पतंग असतात (उडवायचे नाही, दिव्याभोवती फिरतात त्यातले, हे आधी क्लियर करा). मँचेस्टरला 1848 मधे त्यातला एक काळा सापडला. कारखान्यांच्या काजळीने झाडं काळी झालेली, पांढरे पक्ष्यांना लगेच दिसायचे, त्यामुळे पन्नासेक वर्षांत तिथे बहुतेक सगळे काळेच. 1956 मधे धुराविरुद्ध कायदा आला, हवा साफ होत गेली आणि पांढरे परत वाढले.

"माकडाचा माणूस झाला का" हे येणारच. नाही म्हणा, चिंपांझी आपला चुलत भाऊ, साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वी दोघांचे खापरपणजोबा एकच होते, ते ना माणूस ना चिंपांझी. 60 लाख हा आकडा लहान मुलांना काहीच सांगत नाही, त्यामुळे "आजीची आजी, तिची आजी" म्हणत बसा, ते कंटाळून झोपेपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सांगा की आपण अजून सुरुवातीलाच होतो.