हुमणीसाठी ईपीएन सोडताय? मग आधी जमिनीतली ओल बघा

ऊस जागोजागी पिवळा पडून वाळतोय आणि बेट ओढलं की अख्खं हातात येतंय, तर खाली हुमणीनं, म्हणजे भुंगेऱ्याच्या जमिनीतल्या अळीनं, मुळं खाल्लीत. यावर ईपीएन, म्हणजे कीड मारणारे सूत्रकृमी (धाग्यासारखे अगदी बारीक जंत) चालतात, पण औषध मारल्यासारखं मारून चालत नाही, जिवंत माल आहे तो. आणि घाबरू नका, डाळिंब-टोमॅटोच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी वेगळे, हे पिकाला काही करत नाहीत.

आपल्या भागात हेटरोरॅब्डिटिस इंडिका घ्या, १९९२ साली नोंद झालेली ही जात मूळची कोइमतूरकडची, उष्णता बऱ्यापैकी सोसते. दुकानात उन्हात पडलेलं पाकीट फुकट दिलं तरी घेऊ नका. घरी आणल्यावर चिमूटभर माल साध्या पाण्यात टाकून काळ्या ताटलीत भिंगाखाली बघायचा, थोड्या वेळानं अर्धा मिलिमीटरचे धागे वळवळले पाहिजेत, सगळे काडीसारखे सरळ पडून असतील तर मेलेत, पाकीट परत करा.

वेळ म्हणाल तर जुलै-ऑगस्ट. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर येतात, मग जमिनीत अंडी घालतात, त्यातून निघालेल्या अळ्या बारीक असतानाच गाठायच्या, जाड झालेली हुमणी यांना लवकर आवरत नाही.

एकरी साधारण १०० कोटी सूत्रकृमी लागतात, तेवढ्याला किती पाकिटं ते लेबलवर बघून हिशोब करा. आदल्या दिवशी पाणी द्या, दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर बेटाच्या बुडाशी आळवणी करा, म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओता, पंपाची बारीक जाळी काढून टाका नाहीतर सगळा माल जाळीतच अडकतो, आणि मधेमधे ढवळत राहा कारण ते तळाला बसतात. कालवलेलं त्याच दिवशी संपवायचं. नंतर हलकं पाणी द्या आणि दोन-तीन आठवडे ओल टिकवा, पण पाणी तुंबू देऊ नका. कोरड्या रानात सोडायचं असेल तर पैसे बांधावर ठेवून या, तेवढाच उपयोग. फोरेटसारखं दाणेदार कीटकनाशक किंवा सूत्रकृमीनाशक सोबत अजिबात नको.

आठवड्यानं बेटाशेजारी उकरून बघा. हुमणी विटकरी लाल झालेली आणि फारसा वास नसेल तर काम झालंय, सूत्रकृमीच्या पोटातल्या जिवाणूनं ती मेलीय. काळी पडून घाण वास मारत असेल तर बहुतेक दुसऱ्याच कारणानं गेली. लाल हुमणी बाहेर फेकू नका, तिथंच ओल्या मातीत पुरा, काही दिवसांनी तिच्यातून हजारो नवे सूत्रकृमी निघतात.