वळणदार रेषेला ऑफसेट देताना त्रिज्या आधी बघा

ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सोसायटीच्या आतल्या 6 मीटर रुंद रस्त्याची मध्यरेषा आखलीत, आता दोन्ही कडांसाठी 3-3 मीटर ऑफसेट, म्हणजे तेवढ्या अंतरावर समांतर रेषा. सरळ भागात काही अडत नाही. गोची वळणावर होते. ऑफसेट म्हणजे कॉपी नव्हे. मध्यरेषेच्या वळणाची त्रिज्या 9 मीटर असेल, तर बाहेरची कड 12 ची आणि आतली 6 ची होते. पण तीच त्रिज्या 2.5 असेल, तर आतल्या कमानीला जागाच उरत नाही. पॉलीलाइन (रेषा-कमानी जोडून झालेली एकच सलग रेषा) असेल तर ऑटोकॅड तिथे गुपचूप टोकदार कोपरा काढून देतो, आणि तो लक्षात येतो थेट प्रिंट हातात आल्यावर!

रेषा आणि कमानी सुट्या असतील तर आधी ‘जॉइन’ करून एकच पॉलीलाइन करा, नाहीतर कोपऱ्याकोपऱ्यावर ट्रिम करत बसाल.

लंबवर्तुळाचा ऑफसेट लंबवर्तुळ राहत नाही, स्प्लाइन (एकच ठरावीक त्रिज्या नसलेली वक्ररेषा) होतो. मग त्याला त्रिज्येचं माप देता येत नाही. माझा उपाय: लंबवर्तुळ काढण्याआधीच ‘पीएलिप्स’ (PELLIPSE) हे ऑटोकॅडचं सेटिंग 1 करायचं. मग ते कमानींच्या पॉलीलाइनचं बनतं, जरासं अंदाजे, पण साइटवर आखणी करणाऱ्याला प्रत्येक कमानीची त्रिज्या मिळते.