भुसावळला स्थायिक झालेला आयरिश पूर्वज कसा शोधावा

भुसावळ, चाळीसगाव भागातल्या काही ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन घरांत ‘खापरपणजोबा आयर्लंडहून आले’ एवढेच माहीत असते. आडनाव मर्फी, रायन किंवा केली, आणि काम रेल्वेत ड्रायव्हर किंवा फिटरचे. तेवढ्यावर लगेच आयर्लंडचे दप्तर उघडू नका. तिथे या आडनावांची माणसे गावोगावी होती. त्यामुळे पूर्वजाच्या वडिलांचे नाव आणि गाव हाती नसेल, तर भलतेच कुटुंब आपले म्हणून गळ्यात पडते. भुसावळपासून एकेक पिढी मागे सरका. आयर्लंडला हात घालायचा तो सगळ्यात शेवटी.

सुरुवात घरातल्या कागदांपासून. घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यूच्या तारखा लिहिण्याची रीत होती, ती पाने आधी बघा. लग्नाचा दाखला, रेल्वेचे नोकरीचे प्रमाणपत्र, फोटोंच्या पाठी, जुन्या पत्रांवरचे पत्ते, सगळ्यांचे फोटो काढा. आजी, मावशी, आत्या यांना तारखा विचारू नका, त्या आठवत नाहीत. कोणाच्या लग्नाला कोण उभे होते, कोणत्या चर्चमध्ये जायचे, कोणत्या स्टेशनवर बदली झाली, हे विचारा.

मग चर्चची नोंदवही. खान्देशातल्या हिंदू घरांची वंशावळ भाटाच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायाच्या वहीत सापडते. इथे तेच काम चर्चची वही करते. आधी पंथ ठरवा. आयरिश म्हणजे कॅथलिकच असे नाही, आयर्लंडच्या उत्तरेतल्या अल्स्टर प्रांताकडचे बरेच प्रोटेस्टंट होते. फादरांना आधी पत्र लिहून वेळ घ्या, साधारण वर्षे कळवा आणि जुन्या वह्या दुसरीकडे हलवल्या आहेत का तेही विचारा. कॅथलिक नोंदी बहुधा लॅटिनमध्ये असतात, म्हणून जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मस, ब्रिजेटची ब्रिजिडा होते. बाप्तिस्म्याच्या नोंदीतले आईचे माहेरचे आडनाव आणि धर्ममाता-पित्यांची (गॉडपेरंट्सची) नावे उतरवायला विसरू नका. धर्ममाता-पिता पुष्कळदा नात्यातले किंवा बापाच्या कामावरचे सोबती असतात आणि एकाच आडनावाची दोन घरे वेगळी करायला तीच नावे उपयोगी पडतात.

मुंबई इलाख्यातल्या पाद्रींनी पाठवलेल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. बंगालची मालिका एन/1, मद्रासची एन/2, मुंबईची एन/3. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर त्यांतल्या पुष्कळ नोंदींची सूची विनाशुल्क बघता येते, फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर वर्गणी भरून त्या पानांचे फोटोही दिसतात. ब्रिटिश काळातल्या भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस या संस्थेच्या संकेतस्थळावरचा शोधही फुकट आहे. मात्र या नकला आहेत. उतरवून घेणाऱ्याच्या हातून नाव बदलते, आणि कॅथलिक नोंदी तर अर्धवटच पोचल्या. लंडनला नोंद नाही म्हणून भुसावळलाही नसेल असे धरू नका. दोन्हींत फरक दिसला तर स्थानिक वहीवर जास्त भरवसा ठेवा.

लग्नाची नोंद सर्वांत मोलाची. तिच्यात वय, हुद्दा, राहण्याचे ठिकाण आणि बहुधा वडिलांचे नाव मिळते, आणि आयर्लंडला जायचा पूल म्हणजे तेच नाव.

शोध फसतो तो मुख्यतः दोन कारणांनी. पहिले, स्पेलिंग. भुसावळचे भोसावुल, धुळ्याचे धुलिया, आडनावापुढचा ‘ओ’ कधी आहे कधी नाही. गावाच्या नावाने न शोधता आडनाव आणि दहा वर्षांचा टप्पा देऊन शोधा. दुसरे, बदल्या. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या ड्रायव्हरची एक मुलगी इगतपुरीला जन्मते, मुलगा भुसावळला, धाकटा खांडव्याला. खांडवा आणि नागपूर मुंबई इलाख्यात नव्हते, म्हणून एन/3 मध्ये मूल सापडले नाही तर उरलेल्या दोन मालिकाही चाळा. रेल्वे कंपन्यांच्या नोकरांचे करार आणि याद्याही इंडिया ऑफिस दप्तरात हिशेब विभागाखाली आहेत.

पुष्कळ आयरिश माणसे आधी सैन्यात आली आणि मुदत संपल्यावर इथेच रेल्वेत लागली. मुलांच्या बाप्तिस्म्यात बापाचा हुद्दा ‘प्रायव्हेट’ किंवा ‘सार्जंट’ दिसला की पलटणीचे नाव टिपा. कंपनी सरकारची पहिली बॉम्बे फ्युझिलिअर्स पुढे 103 वी पलटण झाली आणि 1881 मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन. म्हणून एकाच माणसाच्या कागदांवर तीन नावे दिसली तर गोंधळू नका. ब्रिटिश सैन्यातून सुटलेल्या शिपायांचे कागद लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ 97 या मालिकेत आहेत. त्यांत जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीतला गावांचा गट), जवळचे शहर आणि काउंटी (जिल्हा) लिहिलेली असते. वय मात्र चारपाच वर्षांनी इकडे तिकडे धरा; भरतीच्या वेळी ते फुगवले किंवा घटवले जाई.

पॅरिश हाती आला की मगच आयर्लंड. तिथे मोठी खिंडारे आहेत. 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीतले दप्तर यादवीत जळाले. 1821 ते 1851 च्या जनगणनांचा बहुतांश भाग त्यात गेला, आणि पुढच्या चार जनगणना सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. 1922 च्या आधीच्या पूर्ण जनगणना उरल्या त्या 1901 आणि 1911 च्या. नॅशनल आर्काइव्हज ऑफ आयर्लंडच्या संकेतस्थळावर त्या फुकट आहेत. सर्वांची जन्म-मृत्यू नोंद 1864 पासून सुरू झाली. त्याआधीच्या माणसासाठी नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने खुल्या केलेल्या कॅथलिक पॅरिशच्या वह्या बघा, त्या साधारण 1880 पर्यंतच्या आहेत. जोडीला 1847 ते 1864 ची ग्रिफिथची जमीन-आकारणी. तिच्यात फक्त खातेदाराचे नाव असते, म्हणून घर सोडून गेलेल्या शिपायाला तिथे शोधू नका, त्याच्या बापाला शोधा. कॅथलिक पॅरिश आणि सरकारी पॅरिश यांच्या हद्दी जुळत नाहीत, तेव्हा दोन्ही नकाशे शेजारी ठेवा.

कबरीवरचा लेख वाचायला पावसाळ्यानंतर गवत वाळले की जा, सकाळी किंवा उन्हे कलताना. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरे उठून दिसतात. दगडावर साधे पाणी आणि मऊ ब्रश, एवढेच. ॲसिड, तारेचा ब्रश, खडू किंवा चुना लावल्याने दगड खराब होतो आणि लेख कायमचा जाऊ शकतो. फोटो काढताना शेजारच्या कबरीही घ्या, दफनाच्या वहीतली नावे त्यांच्याशी पडताळता येतात.